अंगणात अडुळसा की गुलमोहर?

नमस्कार मंडळी. मृगाचे वेध लागले की बागेची हौस असलेल्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. अंगणात एवढी जागा आहे, काय लावू? मग घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, अडुळसा लाव, खोकल्याला उपयोगी पडतो. मुलांना मात्र मे महिन्यात पेटल्यासारखा फुलणारा गुलमोहर हवा असतो. दोन्ही बाजूंना माझी सहानुभूती आहे. माझं स्वतःचं मत मात्र पक्कं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो: गुलमोहर रस्त्याचा, मैदानाचा, गावाचा. घराच्या कुंपणाला अडुळसा. तो असा का, हे आज जरा सविस्तर बोलू.

आधी गुलमोहराचं बोलतो, कारण त्याच्यावर प्रेम सगळ्यांचंच आहे. हे झाड मूळचं आपलं नाही, ते मादागास्कर बेटाचं. तिथल्या कोरड्या, पानगळीच्या जंगलातून एकोणिसाव्या शतकात ते जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलं आणि आपल्याकडे इतकं रुळलं की परकं आहे हे कुणाला सांगावं लागतं. साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो. परकं आहे म्हणून त्याला हाकलून द्या असं मी म्हणणार नाही. भर उन्हात एस.टी.ची वाट बघणाऱ्या माणसाला त्याने दिलेली सावली खरी आहे.

खाली पडलेलं एखादं फूल उचलून हातावर घ्या. पाच पाकळ्या दिसतील. चार सरळ लाल किंवा केशरी. पाचवी मात्र उभी, जरा मोठी, पांढरट, तिच्यावर पिवळे-लाल ठिपके आणि रेघा. पाकळ्यांमागची जाडसर दलं बाहेरून हिरवी, आतून लाल. मध्ये दहा लांब पुंकेसर. त्यांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायची आणि कोणाचं तुटतं ते बघायचं, हा खेळ इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी खेळला असेल.

आता हेच झाड वीस बाय पंधराच्या अंगणात आणा. गुलमोहर उंच होतो त्यापेक्षा आडवा जास्त पसरतो, छत्रीसारखा. उंची दहा-बारा मीटर आणि पसारा त्याहून मोठा. म्हणजे निम्मं झाड शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाणार. मुळं वरच्या थरात पसरतात, जाडजूड होतात, फरशी उचलतात, कुंपणाच्या भिंतीला तडे देतात. लाकूड ठिसूळ. आणि नेमकी अडचण वेळेची आहे. नव्या पालवीने आणि फुलांनी फांद्या जड होतात त्या एप्रिल-मे महिन्यात, आणि वळवाचा पाऊस वादळ घेऊन येतो तोही तेव्हाच. पहिल्याच जोरदार वावटळीनंतर शहरात रस्त्यावर पडलेल्या फांद्या बघा, त्यांत गुलमोहराच्या किती असतात ते. पानांचं तर विचारू नका. एकेक पर्णिका नखाएवढी, ती गच्चीच्या पन्हाळीत साचते आणि पाणी तुंबतं. खाली हिरवळ धरत नाही.

आणखी एक गोष्ट लोक लावताना लक्षात घेत नाहीत. आपल्याकडे शहरी भागात झाडांचं संरक्षण करणारा १९७५ चा कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायदा चांगलाच आहे, मला तो हवाच आहे. पण म्हणूनच रोप लावताना वीस वर्षांनंतरचं झाड डोळ्यांसमोर आणायला हवं. नर्सरीतल्या काळ्या पिशवीतलं दोन फुटांचं रोप फार फसवं असतं.

आता अडुळसा. खरं सांगायचं तर आजचं बोलणं मला याच्यासाठीच करायचं होतं, कारण याच्याकडे बागेतलं झाड म्हणून कुणी बघतच नाही. झुडूप आहे, माणसाच्या उंचीचं किंवा थोडं वर, छाटलं तर हवं तेवढं राहतं. वर्षभर हिरवं. पानं समोरासमोर, लांबट, दोन्हीकडे निमुळती, वीतभर लांब. चोळली की उग्र वास येतो. शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून शेताच्या बांधावर, परड्याच्या कुंपणाला आपल्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं. कुंपण म्हणून त्याची योग्यता औषधाइतकीच मोठी आहे.

आणि त्याला फुलं येत नाहीत असं कोण म्हणतं? थंडीत कणसासारखे तुरे येतात. हिरव्या पानसर आवरणांतून एकेक पांढरं फूल बाहेर पडतं, दोन ओठांचं. खालच्या ओठावर जांभळट रेषांची जाळी असते. मधमाशी त्या ओठावर उतरते, आत डोकं घालते, आणि वरच्या ओठाखाली दडलेले दोन पुंकेसर तिच्या पाठीला पराग फासतात. हिवाळ्यातल्या सकाळी ऊन वर आल्यावर दहा मिनिटं उभं राहून हे बघा. फूल ओढून त्याच्या देठाकडून मध चोखणारी मुलं खेड्यांत अजून आहेत.

औषधाचं म्हणाल तर हा नुसता घरगुती समज नाही. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं औषधी गुणाचं रसायन, असतं. त्याच्या रचनेवरून विसाव्या शतकात ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं, आणि त्याच घराण्यातलं अँब्रॉक्सॉल. घरातल्या खोकल्याच्या बाटलीवरचं लेबल आज संध्याकाळी वाचा, यांपैकी एखादं नाव सापडण्याची शक्यता बरीच आहे. घट्ट झालेला कफ पातळ करून सुटायला मदत करणं हे त्यांचं काम. आयुर्वेदात याला वासा म्हणतात आणि कास म्हणजे खोकला, श्वास म्हणजे दमा आणि रक्तपित्त म्हणजे अंगातून रक्त जाणं, यांवर तो सांगितलेला आहे.

पण रोप लावलं म्हणजे औषध घरात आलं, असं होत नाही. ते वापरण्याची रीतही घरात असावी लागते. अडुळशाचं ताजं पान कुटून पिळलं तर रस फार थोडा निघतो. म्हणून आपल्या बायका पानं आधी वाफवायच्या किंवा पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजायच्या, मग पिळायच्या. निघालेला रस कडू जहर, तो मधाबरोबर चमचाभर. कुणी सुंठ, पिंपळी, खडीसाखर घालून काढा करतात. मोठ्या माणसाच्या साध्या खोकल्याला इतपत ठीक.

इथे मी हात जोडून तीन गोष्टी सांगतो. गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, तो गर्भाशय आकुंचित करू शकतो. तान्ह्या मुलांना आपल्या मनाने द्यायचा नाही. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा थुंकीतून रक्त आलं, तर काढे बंद आणि सरळ सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात. पाला उकळण्यात महिने घालवले तर रोग आत पसरतो आणि घरातल्या बाकीच्यांनाही लागतो.

लावायला तर याच्याइतकं सोपं काही नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या, जूनच्या पहिल्या पावसांत मातीत तिरकी खोचा. कुंपण करायचं तर दोन-दोन फुटांवर एक. शेणखत घातलं तर चांगलं, नाही घातलं तरी वाढतो. पाणी तुंबणारी जागा तेवढी टाळा. फुलं येऊन गेली की छाटा. फक्त रोप विकत घेताना पान बघून घ्या. काळा अडुळसा म्हणून जे विकतात ते वेगळं झाड, त्याचा या औषधाशी संबंध लावू नका.

ज्यांचा जीव रंगातच अडकला आहे, त्यांनी निराश होऊ नये. शंकासूर लावा. तसाच लाल-पिवळा तुरा, तशीच नाजूक पानं, पण झुडूप माणसापेक्षा थोडं उंच आणि बियांपासून भराभर येणारं. जागा जरा मोठी असेल तर ताम्हण. आपल्या राज्याचं फूल, जांभळं, ऐन उन्हाळ्यात फुलतं. आणि बहावा. मला तर अंगणातला खरा मध्यममार्ग बहावाच वाटतो. मे महिन्यात पिवळ्या घोसांनी लगडतो, गुलमोहरासारखा अंगावर येत नाही, आणि शेंगेतला गर आयुर्वेदात सौम्य रेचक म्हणून वापरतात. इथेही मात्रा वैद्यानेच ठरवायची, आणि शेंगा-बिया मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. आमच्या सोसायटीत तीस वर्षांचा गुलमोहर आहे, आता त्याचं काय करू? ताई, तो तोडू नका. इतक्या वर्षांत त्याच्यावर पक्ष्यांची घरटी झाली, तुमच्या दोन मजल्यांना त्याची सावली मिळते. परवानगी काढून मे महिन्याच्या आधी वाळलेल्या आणि एका बाजूला झुकलेल्या फांद्या जाणकाराकडून उतरवून घ्या. शेंडा छाटू देऊ नका, छाटलेल्या जागी फुटणारे धुमारे कच्चे असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर निदान मीटरभर माती मोकळी करून घ्या. सिमेंटने आवळलेल्या मुळांना पाणी मिळत नाही, हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि वरून हिरवं दिसणारं झाड एका रात्री मुळासकट कलंडतं. हे काम या रविवारी सुरू करता येईल, त्याला फक्त पहार आणि दोन माणसं लागतात. आणि सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीला, जिथे चार तास ऊन येतं तिथे, अडुळशाच्या काड्या खोचा. आमच्याकडच्या छाटणीतल्या काड्या मी आज पिशवीतून आणल्या आहेत, जाताना टेबलावरून घेऊन जा.