विक्री घटली, तरी नफा कसा?

नमस्कार श्रोतेहो. तोट्यात रुतलेली कंपनी नफ्यात आली की तिचा शेअर उसळतो. पण किती उसळतो आणि कुठे अडतो, हे समजून घ्यायला ॲपलचा जानेवारी 1998 चा किस्सा ऐकायलाच हवा.

आधीची दोन वर्षं भयंकर गेली होती. 1996 च्या आर्थिक वर्षात (ॲपलचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं) 81 कोटी 60 लाख डॉलर तोटा, 1997 मध्ये 104 कोटी. ऑगस्ट 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने 15 कोटी डॉलर घालायचं ठरवलं, तेव्हा शेअर एका दिवसात 33 टक्के चढून 26 डॉलरवर गेला. डिसेंबर संपता संपता तोच शेअर 13 च्या आसपास. सगळी हवा निघून गेलेली.

मग आली 6 जानेवारी. सॅन फ्रान्सिस्कोचं मॅकवर्ल्ड प्रदर्शन. मंचावर स्टीव्ह जॉब्स, तेव्हा ते कंपनीचे हंगामी प्रमुख होते. दाखवायचं ते दाखवून झालं. पॉवर मॅक जी3 हा संगणक ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तिमाहीत 80 हजार खपेल असा अंदाज होता, खपला 1 लाख 33 हजार, हेही सांगून झालं. भाषण आटोपलं, आता निघायचं, आणि एवढ्यात जॉब्स थांबले. एक सांगायचं राहिलंच म्हणाले, आपण नफ्यात आहोत! तिमाहीचा नफा साडेचार कोटी डॉलरहून जास्त. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. (या एका 'राहिलंच' पायी पुढे सगळ्याच कंपन्यांना नाटकाची खोड लागली. आता फोनचा नवा रंग दाखवायलाही दीड तास घेतात. आकडे कागदावर द्या आणि लोकांना घरी जाऊ द्या, असं माझं स्पष्ट मत. असो.)

बाजारात काय झालं? आदल्या दिवशी 16 डॉलरच्या आत बंद झालेला शेअर त्या दिवशी 19 च्या जवळ बंद झाला. एका दिवसात 19 टक्के वाढ. पण ऑगस्टमधला भाव आठवा, 26. पुन्हा सांगतो: नुसत्या आशेवर 26, आणि खरा नफा हातात आल्यावर 19.

हात आखडता का? त्याचं उत्तर आठवड्याभराने आलेल्या पूर्ण निकालात होतं. नफा 4 कोटी 70 लाख, वर्षापूर्वी त्याच तिमाहीत 12 कोटींचा तोटा. छान. पण विक्री? 213 कोटींवरून 158 कोटी. चौथा हिस्सा विक्री गेली आणि नफा आला! मालाचा खर्च वजा जाता 100 डॉलर विक्रीमागे आधी 19 हून कमी उरायचे, आता 22 उरले. तरी विक्रीच घटल्याने ही उरलेली एकूण रक्कम वर्षापूर्वीपेक्षा कमीच भरत होती. म्हणजे तोट्याचा नफा झाला तो मुख्यतः संशोधन, विक्री आणि कार्यालयांच्या खर्चाला कात्री लावून. आणि अशी कात्री दर वर्षी लावता येत नाही. त्यात ही नाताळची तिमाही, संगणक खपायचा हंगाम. शेअर विकणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं.

शेअर घेणाऱ्यांची नजर गोदामावर होती. संगणकाचे सुटे भाग पडून राहिले की दर आठवड्याला स्वस्त होतात, आणि तो फरक कंपनीच्या बोकांडी बसतो. ॲपलकडे सप्टेंबर 1997 मध्ये 43 कोटी 70 लाखांचा साठा होता, वर्षभरात तो 7 कोटी 80 लाखांवर आला. हा पैसा उधारीशिवाय मोकळा झाला.

तेव्हा एखादी कंपनी नफ्यात आल्याची बातमी ऐकली, की आधी विक्री बघा, मग साठा. आणि कर बघायला विसरू नका. ॲपलने 1998 च्या आर्थिक वर्षात 32 कोटी 90 लाख नफ्यावर कर दाखवला फक्त 2 कोटी, कारण कर मोजताना मागचे तोटे नफ्यातून वळते झाले. असा हलका कर कायमचा धरून भाव ठरवला तर पुढे फसगत होते. आधी विक्री, मग साठा, मग कर.

विक्रीचं कोडं मात्र वर्षभर सुटलं नाही. 1998 च्या आर्थिक वर्षातल्या चारही तिमाह्यांत नफा झाला, चारही तिमाह्यांत विक्री वर्षापूर्वीपेक्षा कमी. ऑगस्टमध्ये आयमॅक हा नवा संगणक दुकानात आला, आणि जानेवारी 1999 मध्ये जाहीर झालेल्या तिमाहीत विक्री 171 कोटींवर गेली, 8 टक्के जास्त.