नरसाळं उलगडतं, तांब्या नाही

(दृश्य: भोसरीतलं पत्राकामाचं वर्कशॉप. बाकावर एक जुनं टिनाचं नरसाळं. पत्रा कापायच्या कातरीचा आवाज.)

हे नरसाळं रॉकेलच्या जमान्यातलं. रेशनच्या दुकानात डब्याडब्यांवर उभं राहून म्हातारं झालेलं. आज त्याचा बळी द्यायचा आहे.

सांध्याला लागून वरपासून खालपर्यंत एक सरळ काप. आता दोन्ही कडा धरून हळूहळू फाकवा. बघा, कुठे सुरकुती नाही, कुठे ताण नाही. बाकावर हातपंख्यासारखा एक तुकडा निवांत पडलाय.

तोंडाचा व्यास १६० मिलिमीटर. भिंती खाली टोकापर्यंत वाढवल्या असत्या तर उंची भरली असती १५०. म्हणजे तिरकी बाजू, पायथागोरसच्या हिशेबानं, बरोबर १७०. हा पंखा कागदावर काढायचा तर कंपास १७० वर उघडायचा आणि कंस मारायचा. किती अंशांचा? ३६० ला ८० नं गुणा, १७० नं भागा. १६९ अंश आणि वर थोडे. त्याच केंद्रातून १७ मिलिमीटरचा दुसरा छोटा कंस मारला, की खालच्या नळीसाठी १६ मिलिमीटरचं भोक झालं.

वर्कशॉपमध्ये याला ‘डेव्हलपमेंट काढणं’ म्हणतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या पेपरात हेच असतं आणि पेपर झाला की बहुतेक जण ते विसरतात.

(दृश्य: कॉम्प्युटरचा पडदा. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तेच नरसाळं फिरतंय.)

आता तेच काम माउसवर. नवीन आलेल्या मुलानं एक तिरकी रेघ काढली, ती अक्षाभोवती पूर्ण ३६० अंश फिरवली, जाडी दिली. शंकू तयार. सपाट उलगडायची, ‘फ्लॅटन’ची कमांड दिली. काहीच होईना. पुन्हा दिली. लाल अक्षरांत तक्रार आली.

मागून फिटर काका आले. काकांनी आयुष्यात माउस धरलेला नाही. दोन सेकंद पडद्याकडे बघून म्हणाले, “चिरलंस कुठे?”

“काय चिरायचं, काका?”

“अरे, काप न देता उलगडेल कसं ते?”

मुलानं मॉडेलमध्ये अर्ध्या मिलिमीटरची उभी फट दिली आणि पंखा पडद्यावर उलगडला. कॅड शिकणाऱ्या बऱ्याच लोकांचं पहिलं अडखळणं हेच असतं. पत्र्याचा पाइप म्हणजे मुळात गुंडाळलेला तुकडा, त्याला दोन कडा असायलाच हव्यात. जाडी सगळीकडे सारखी हवी. आणि कड पत्र्याला काटकोनात हवी, कारण पत्रा कापणारा लेसर वरून सरळ खाली कापतो. पाइप मॉडेलमध्ये तिरका छाटला, की कड तिरपी राहते. पडद्यावर ती सुंदर दिसते. मशिनवर तशी कड निघतच नाही.

(दृश्य: पुणे, कसबा पेठ, तांबट आळी. हातोड्यांची लय.)

इथून पुढे गोष्ट अवघड होते.

तांबट आळीत तांब्या कसा होतो ते बघा. सुरुवात सपाट चकतीपासूनच. पण ही चकती नुसती वाकवून भागत नाही. ठोकायची, तापवायची, पुन्हा ठोकायची. पोटाकडे धातू ताणला जातो, गळ्याकडे दाबून गोळा होतो. शेवटी मठारकाम: एकाला एक लागून हातोडीचे ठसे, प्रत्येक ठशात उजेडाचा एक ठिपका. आता हाच तांब्या नरसाळ्यासारखा कापून बाकावर पसरायचा प्रयत्न करा. एक काप द्या, चार द्या. पोट दाबायला गेलात की कडा फाटतात, गळा दाबायला गेलात की चुण्या पडतात.

कोणत्या घनाकृतीचा पृष्ठभाग सपाट उलगडता येतो, हा प्रश्न गणितज्ञ ऑयलरनं १७७२ साली छापलेल्या लेखात थेट विचारला होता. त्याच्यामागचं कारण दुसरा गणितज्ञ गाउस यानं १८२७ मध्ये लॅटिनमध्ये मांडलं. गाउस तेव्हा हॅनोव्हर राज्याच्या जमीनमोजणीत गुंतलेला होता, हे मला फार आवडतं. उन्हातान्हात मोजणी करणारा माणूस वाकड्या पृष्ठभागाचा विचार करणारच.

त्याचं म्हणणं असं. वाकड्या पृष्ठभागावर कुठल्याही एका जागी बोट ठेवा. तिथून निघणाऱ्या वाटांपैकी एक सगळ्यात जास्त वाकते, एक सगळ्यात कमी. त्या दोन वाकांचा गुणाकार करा. पत्रा न ताणता तुम्ही कितीही वाकवा, हा गुणाकार बदलत नाही. सपाट पत्र्याचा गुणाकार शून्य. नरसाळ्यावर टोकाकडे जाणारी वाट सरळ असते, तिचा वाक शून्य. म्हणून आडवी वाट कितीही गोल असली तरी गुणाकार शून्यच. तांब्याच्या पोटावर मात्र दोन्ही वाटा एकाच बाजूला वाकतात. गळ्याशी एक आत वाकते, एक बाहेर, आणि गुणाकार उणे होतो. दोन्हीकडे शून्य नाहीच. कॉम्प्युटर कितीही महाग घ्या.

मग सॉफ्टवेअर काय करतं? राइनो नावाच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन वेगळ्या कमांड आहेत. नरसाळ्याच्या जातीच्या आकारांना ‘अनरोल’. तांब्याच्या जातीला ‘स्क्विश’, म्हणजे सरळ मराठीत चेंगरणं. नाव ठेवणाऱ्याचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे. पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पाडायचे, सगळे जमिनीवर दाबायचे आणि प्रत्येक बाजू कमीत कमी ताणली-दबली जाईल अशी तडजोड शोधायची. जिथे ताण जास्त, तिथे रंग बदलून दाखवायचा.

मला स्वतःला अडून बसणारं सॉफ्टवेअर जास्त आवडतं. चेंगरणारं दर वेळी काहीतरी उत्तर देतंच, आणि घाईत असलेला माणूस रंग न बघता फाइल पुढे पाठवतो.

(दृश्य: स्क्रू कन्व्हेअर. दांड्याभोवती जिन्यासारखी फिरत गेलेली पाती.)

पण वर्कशॉप गाउसला रोज थोडं फसवतं. हा स्क्रू कन्व्हेअर बघा. धान्य, पीठ, सिमेंट, काहीही पुढे ढकलायला वापरतात. त्याची पाती मळसूत्रासारखी पिळलेली. गुणाकार उणे, म्हणजे नियमानं ती उलगडता येत नाही. तरी ती सपाट पत्र्यातूनच बनते.

दांडा ६० मिलिमीटरचा, बाहेरचा व्यास २००, एका फेऱ्यात पाती जेवढी पुढे सरकते ती पिच २००. आतल्या कडेची एका फेऱ्यातली लांबी निघते सुमारे २७५, बाहेरच्या कडेची ६५९. पातीची रुंदी ७०. या तीन आकड्यांतून सपाट कडं काढतात: आतला व्यास १००, बाहेरचा २४०, आणि त्यातून ४५ अंशांची एक फोड कापून टाकायची. मग कड्याची दोन टोकं धरून एक पुढे, एक मागे ओढायची. पाती तयार.

दोन्ही कडा तंतोतंत जुळतात. लबाडी मधे आहे. पातीच्या बरोबर मधोमध रेघ मारली, तर सपाट कड्यात ती ४६७ मिलिमीटर भरते. खऱ्या मळसूत्रावर तिथे जागा आहे फक्त ४५५ ची. बारा मिलिमीटर जादा. ते जातात कुठे? धातूच्या पोटात. ओढताना पत्रा कुठे दबतो, कुठे ताणतो, आणि उरलंसुरलं फिटरचा हातोडा बघून घेतो.

(दृश्य: प्लेट रोलिंग मशिन. जाड पत्रा हळूहळू गोल होतोय.)

इथवर जाडीचा विषय मुद्दाम टाळला. कागदाला जाडी नसल्यासारखीच असते, पत्र्याला असते.

मी कामाला नवीन असताना एका शेलची, म्हणजे गोल नळकांड्याची, डेव्हलपमेंट काढली होती. बाहेरून ५०० व्यास, जाडी ६. मी आतला व्यास धरला, ४८८. त्याला π नं गुणलं, १५३३ लांबी काढली आणि पत्रा कापायला दिला. रोल झाल्यावर दोन कडांमध्ये फट राहिली, चांगली १९ मिलिमीटरची. फोरमन ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “जास्त कापलं असतंस तर घासलं असतं. आता काय, थुंकी लावून चिकटवू?” मधला व्यास धरायचा होता, ४९४. लांबी हवी होती १५५२.

कारण पत्रा वाकला की आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, आणि मधे कुठेतरी एक थर असतो ज्याची लांबी बदलत नाही. मोठ्या गोलाईत तो थर जवळजवळ मधोमध असतो. प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्र्याला घडी घालणाऱ्या मशिनवर, काटकोनात घडी घातली, की तो आतल्या बाजूला सरकतो. तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या कितव्या भागावर आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे ‘के फॅक्टर’; बरोबर मधोमध असेल तर ०.५. २ मिलिमीटरचा पत्रा, आतल्या गोलाईची त्रिज्या २. घडीतल्या आतल्या कडेची लांबी ३.१४, बाहेरच्या कडेची ६.२८. खरी लांबी या दोन्हींच्या मधे. के ०.३३ धरला तर ४.१८, ०.५ धरला तर ४.७१. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पण चार घड्यांच्या पेटीत तो दोन मिलिमीटर होतो आणि झाकण बसत नाही.

सॉफ्टवेअर हा आकडा स्वतः शोधत नाही. त्याच्याकडे आधीच भरलेला एक असतो, आणि तो आपल्या पत्र्याचा नसतो.

(दृश्य: काकांच्या हातात पत्र्याची अरुंद पट्टी. व्हर्निअरचा क्लोजअप.)

म्हणून ही पट्टी. लांबी बरोबर १००, जाडी २, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. प्रेस ब्रेकवर मधे एक काटकोन. आता दोन्ही पाय बाहेरून मोजायचे. एक ५१.८. दुसरा ५१.७. बेरीज १०३.५.

मुलगा कॅल्क्युलेटर काढतो. गोलाई आणि जाडी मिळून ४, दोन्ही पायांची मिळून ८. त्यातून १०० च्या वरचे साडेतीन वजा, राहिले साडेचार. त्यांना π च्या निम्म्यानं भागलं, गोलाईचे दोन वजा केले, जाडीनं भागलं. ०.४३.

तो आकडा कॅडच्या चौकटीत भरतो. पडद्यावरचा फ्लॅट पॅटर्न, म्हणजे उलगडलेला सपाट आकार, अगदी किंचित हलतो, नजर सरावलेली नसेल तर कळतही नाही.

काका तोवर मार्कर घेऊन प्रेस ब्रेकच्या दारावर लिहितायत: २ मिमी सीआर, १२ ची व्ही, ०.४३. व्ही म्हणजे पत्रा ज्या खाचेत दाबून वाकवतात ती डाय. वर जुने आकडे आहेत, काही खोडलेले. डाय बदलली किंवा पत्र्याचा लॉट बदलला, की पुन्हा पट्टी.

“जाऊ दे आता लेसरला,” काका म्हणतात.