ट्रॉमा केंद्राचे नियोजन: खाटांआधी रात्रपाळी

मित्रहो, ट्रॉमा केंद्राच्या, म्हणजे गंभीर जखमींवर तातडीने उपचार करणाऱ्या केंद्राच्या, नियोजनाची बैठक बसली की पहिला प्रश्न बहुधा ‘खाटा किती?’ असाच येतो आणि मंजुरीपासून नकाशापर्यंत सारे काही त्या एका आकड्याभोवती फिरू लागते. माझी विनंती अशी आहे की हा प्रश्न शेवटी विचारावा. आपल्या दारात कोणते जखमी, कोणत्या वेळी आणि किती एकदम येतात, हे आधी विचारावे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरातील मृतांमध्ये ४४ टक्क्यांहून अधिक जण दुचाकीवरचे होते. दुचाकीवरून पडलेल्याच्या डोक्याला, छातीला आणि लांब हाडांना मार लागतो, म्हणजे आपल्याला न्यूरोसर्जन, चोवीस तास चालणारे सीटी स्कॅन, भूलतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ एकाच वेळी हवे असतात. माझ्या उमेदीच्या काळात मी काम करत होतो तिथे नवे सीटी यंत्र आले, पण ते चालवणारा तंत्रज्ञ फक्त दिवसपाळीला होता. डोक्याला मार लागलेल्या एका तरुणाला रात्री दोन वाजता स्कॅनसाठी दुसऱ्या गावी नेताना मी रुग्णवाहिकेत त्याच्या उशाशी बसलो होतो. कागदोपत्री आमच्याकडे सीटीची सोय होती. तो प्रवास मी आजही विसरू शकलेलो नाही, आणि तेव्हापासून कोणत्याही यंत्राच्या नावापुढे ते कोणत्या पाळीत चालते हे लिहिल्याशिवाय मी ते यादीत धरत नाही.

आता सरासरीकडे येऊ, कारण आपली सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. समजा, एका केंद्रात रात्री सरासरी चार गंभीर जखमी येतात. त्या चौघांसाठी पथक नेमले की काम झाले असे वाटते. परंतु अपघात एकमेकांशी संबंध नसताना घडतात असे धरून हिशेब केला, तरी साधारण वीस रात्रींपैकी एका रात्री आठ किंवा त्याहून अधिक जखमी येतील, आणि चारपेक्षा जास्त तर दर तीन रात्रींतून एकदा तरी येतील. म्हणजे सरासरीवर बेतलेले केंद्र महिन्यातल्या दहा-अकरा रात्री अपुरे पडणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलेच असते.

अतिदक्षता विभागालाही हाच न्याय लागू होतो. दिवसाला दोन रुग्ण दाखल होत असतील आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी सहा दिवसांचा असेल, तर कोणत्याही दिवशी सरासरी बारा खाटा भरलेल्या असतील. पण वीसपैकी एकोणीस दिवस तरी कुणाला परत पाठवावे लागू नये असे वाटत असेल, तर अठरा खाटा लागतात. या अठरा खाटांवर प्रत्येक पाळीत खाटेमागे एक परिचारिका धरली आणि प्रत्येकीला आठवड्याला सहा पाळ्या दिल्या, तर ६३ परिचारिका होतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षणासाठी ३० टक्के राखीव धरल्यास ८२. खाटांच्या प्रस्तावाला चटकन मान्यता मिळते, या ८२ पदांचा प्रस्ताव मात्र वर्षानुवर्षे टेबलावर राहतो, आणि मग व्हेंटिलेटरला जोडलेल्या चार रुग्णांकडे एकटी सिस्टर धावत असते.

सगळेच काही मोठ्या केंद्रात व्हावे असे नाही. राज्यात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ सेवेच्या सुरुवातीच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधेच्या होत्या. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या वैद्यकीय चाचणीत वीस हजारांहून अधिक जखमी सहभागी होते, त्यांत भारतातलेही पुष्कळ होते. ट्रॅनेक्झामिक अॅसिड हे स्वस्त औषध रक्तस्राव होणाऱ्याला इजेनंतर तीन तासांच्या आत दिले तर त्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढते, हे तिने दाखवले. मोठ्या केंद्रापर्यंत पोचण्यातच ते तास जात असतील, तर हे औषध तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, कॅज्युअल्टीच्या कपाटात हवे. तिथे न्यूरोसर्जन नसला तरी चालेल. श्वासमार्ग सांभाळणारा, रक्तस्राव थांबवणारा आणि रुग्णाला कुठे पाठवायचे हे वेळेत ठरवणारा डॉक्टर हवा.

शिवाय अशाही घटना असतात ज्यांत हे सगळे हिशेब मोडतात. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, दोनशेहून अधिक माणसे गेली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. अशा संध्याकाळसाठी कायमच्या खाटा ठेवणे शक्य नाही. त्यासाठी कोणत्या वॉर्डातले रुग्ण कुठे हलवायचे, कोणत्या थिएटरमधील ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवायच्या, शेजारची कोणती रक्तपेढी रक्त पुरवील आणि सर्वांना फोन कोण करील, हे आधी लिहून, वर्षातून दोनदा तरी सराव करून ठेवावे लागते.

हे सारे करायला आज आपल्याकडे जे सर्वांत कमी आहे, ते म्हणजे नीट ठेवलेले रजिस्टर. एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या रुग्णांच्या, वहीत पोलिसांना हवी ती माहिती असते. नियोजनाला लागणारी नसते. म्हणून प्रत्येक जखमीमागे इजा झाल्याची वेळ, दारात आल्याची वेळ, डॉक्टरने पाहिल्याची, स्कॅनची आणि शस्त्रक्रियेची वेळ, रक्ताच्या किती पिशव्या लागल्या, व्हेंटिलेटरवर किती दिवस, आणि रुग्ण घरी गेला की नाही, एवढे रकाने येत्या एक तारखेपासून सुरू करावेत. वर्षभराने त्या रजिस्टरावरून आपल्या रात्री मोजता येतील, आणि खाटा किती, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी देता येईल.