गुडघा आधी, लाथ नंतर

मंडळी, इथले बरेचजण सकाळी बागेत ताई-ची, म्हणजे ती संथ चिनी युद्धकला, करणारे आहेत, म्हणून चोवीस हालचालींच्या संचाची ओळख करून देत बसत नाही. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने बसवलेला तो छोटा संच आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेला आहे. त्यात टाचेची लाथ दोनदा येते, आधी उजवी, मग डावी. आणि डावीच्या पाठोपाठ येतो सोनेरी कोंबडा, म्हणजे एक गुडघा वर उचलून एका पायावर उभं राहायची हालचाल. माझं म्हणणं असं की हा कोंबडा आणि ती लाथ मुळात एकच आहेत. मांडी आडवी होईपर्यंत दोन्हींत काडीचा फरक नाही. समोरचा अंगाला भिडलेला असेल तर गुडघाच पोटात बसतो. हातभर लांब असेल तर तिथूनच पाय उलगडतो आणि टाच लागते.

हे मी मनाचं सांगत नाही. हेनान प्रांतातल्या चेनजियागौ गावचा जुना संच बघा. सुरुवातीलाच उजवी मूठ आणि उजवा गुडघा एकदम वर येतात, मग मूठ डाव्या तळव्यात पडते आणि पाऊल दाणकन जमिनीवर. मूठ हनुवटीला, गुडघा जांघेत, पाऊल समोरच्याच्या पावलावर! पुढे त्याच संचात उडी मारून लागोपाठ दोन लाथाही आहेत. यांग लुचान या गावात शिकला आणि पुढे ही विद्या पेइचिंगला घेऊन गेला. त्याचा नातू यांग चंगफू, ज्याच्या शैलीतून आपला छोटा संच आला, त्याने उड्या आणि पाय आपटणं काढलं, झटक्याच्या लाथा संथ केल्या. त्याचे आपल्यावर उपकार आहेत, नाहीतर साठीनंतर यातलं काय जमलं असतं? पण वेग कमी केला म्हणजे लाथेतला मार काढून टाकला, असं नव्हे.

आता माझं जुनं दुखणं. एका स्पर्धेत साठीच्या एक बाई पाहिल्या. गुडघा सावकाश वर आला, क्षणभर थांबला, टाच पुढे गेली, पाय तितक्याच शांतपणे परत आला. उभ्या पायाचा गुडघा तसूभर हलला नाही. गुण कापले, का? तर पाय कमरेपर्यंत गेला नाही! त्यांच्यानंतरच्या मुलाने पाय खांद्याएवढा फेकला. पाठीला पोक, उभा गुडघा आत वळलेला, आणि टाळ्यांचा कडकडाट. चिनी उस्ताद बजावतात की पाय उचलला की अर्धं अंग उघडं पडतं. उत्तर चीनकडचे तर हातांना दाराच्या दोन फळ्या म्हणतात, मारायचं ते पायाने. दोन्ही खरं आहे. म्हणूनच लाथ खाली हवी, आधी हातांनी समोरच्याला गुंतवायला हवं. उंचीला टाळ्या देणाऱ्यांना मला विचारायचंय, तो पाय हवेत असताना कुणी नुसता धक्का दिला तर? नाही, हसू नका, वर्गात करून बघा. हळू, आणि खाली सतरंजी घालून.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. प्रत्येक हालचालीचा उपयोग दाखवायचं कबूल केलं होतं, तेव्हा भराभर सांगतो. टाचेच्या लाथेत छातीपुढे हातांची फुली होते, ती समोरच्याचा हात अडवायला. हात उघडले की त्याचा हात बाजूला जातो आणि बरगडी, खुबा किंवा गुडघा मोकळा मिळतो. पावलाची बोटं आपल्याकडे ओढा, मार टाचेने.

कोंबड्यात उजवा हात आणि उजवा गुडघा एकत्र वर. हात त्याचा दंड उचलतो, गुडघा खालून शिरतो. त्याचीच लाथ येत असेल तर हाच गुडघा ढाल होतो.

मोठ्या संचातली कमळ-लाथ बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळात फिरते. तिथे हात पावलाला लागलेच पाहिजेत म्हणून कंबर मोडू नका, पाय जेवढा येईल तेवढाच येऊ द्या.

आणि तिन्हींत उभ्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला, पावलाच्या बोटांच्याच दिशेने. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उद्या आधी एवढंच तपासावं. बोला, प्रश्न कुणाचे आहेत?