वधस्तंभ एक, जगं किती?

[दृश्य: पॅरिस, नोत्र दामचे मनोरे]

मार्च १२७७. पॅरिसचे बिशप एत्येन ताँपिए २१९ विधानांची यादी जाहीर करतात. ही मतं शिकवाल तर धर्मबहिष्कृत व्हाल! त्यांतलं एक मत असं, की देवाला एकाहून अधिक जगं निर्माण करता येणार नाहीत. अनेक जगं आहेतच, असं बिशप म्हणत नव्हते. जग एकच असू शकतं, या ॲरिस्टॉटलच्या मताच्या भरवशावर देवाचे हात कोणी बांधू नयेत, एवढंच.

आपल्याखेरीज आणखी जगं असतील का, हा विषय निघाला की १६०० साली रोममध्ये जाळलेला इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनो हमखास आठवतो. त्याच्यावरच्या आरोपांत अनंत जगं होती, तसं येशूचं देवपण नाकारणंही होतं. त्याच्या कितीतरी आधी, १४४० मध्ये, क्यूसाच्या निकोलस या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने इतर ताऱ्यांवर रहिवासी असतील असं लिहिलं. तो पुढे कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा धर्माधिकारी झाला.

[दृश्य: जुनं हस्तलिखित, त्यावरून सरकता कॅमेरा]

निर्मितीपाशी फारसं काही अडत नाही. घोडं अडतं ते तारणापाशी, म्हणजे पापातून सुटकेपाशी.

पंधराव्या शतकातल्या गिल्योम द व्होरिलाँ या फ्रान्सिस्कन संघातल्या धर्मशास्त्रज्ञाने ते नेमकं पकडलं. दुसऱ्या जगातले लोक बायबलमधल्या पहिल्या माणसाचे, आदामाचे वंशज नसणार, म्हणजे आदामाचं पाप त्यांच्या माथी नाही. मग या पृथ्वीवरचं ख्रिस्ताचं वधस्तंभावरचं मरण त्यांच्या कामी येईल? येईल, असं तो म्हणतो. जगं अनंत असली तरी पुरेल. पण तिथे जाऊन ख्रिस्ताने पुन्हा मरावं, हे त्याला उचित वाटत नाही.

१७९४ मध्ये चर्चचा टीकाकार लेखक थॉमस पेनने याच जागी बोट ठेवलं: मग देवाचा पुत्र जगामागून जग फिरत मरतच राहणार का? प्रश्न खवचट आहे, पण टाळण्यासारखा नाही.

[दृश्य: ॲरिझोना, माउंट ग्रॅहॅमवरची व्हॅटिकनची दुर्बीण]

२००८ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक, जेझुइट या कॅथलिक संघाचे खगोलशास्त्रज्ञ फादर होसे गाब्रिएल फुनेस यांनी एका मुलाखतीत बायबलमधल्या हरवलेल्या मेंढराचा दाखला दिला. शंभरांतलं हरवलेलं मेंढरू कदाचित आपणच. बाकीचे देवाच्या मैत्रीतून कधी ढळलेच नसतील. म्हणजे विश्वातले एकमेव पापी आपण! माणसाचा मोठेपणा राखायची ही तऱ्हा अजबच म्हणायची. पोप फ्रान्सिस २०१४ च्या एका प्रवचनात मुलांच्या चित्रांतल्यासारखे हिरवे, लांब नाकाचे, मोठ्या कानांचे मंगळवासी घेऊन आले. त्यांतल्या एकाने बाप्तिस्मा मागितला तर? दार लावून घेणारे आपण कोण, हा त्यांचा सूर.

[दृश्य: दीर्घिकांचं संगणकीय चित्रण]

दुसऱ्या विश्वांची कल्पना मात्र वेगळीच दुखरी नस दाबते. निसर्गाचे स्थिरांक, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या बळासारखे ठरलेले आकडे, जीवसृष्टीला इतके जुळून आलेत की कोणीतरी ते बेतले असावेत, असा युक्तिवाद अनेक ख्रिस्ती विचारवंत करतात. पण विश्वंच असंख्य असली, तर लॉटरीच्या लाखो तिकिटांपैकी एकाला बक्षीस लागणारच, त्यात नवल काय?

यावर श्रद्धावंतांतही एकमत नाही. भौतिकशास्त्रज्ञ डॉन पेज कट्टर ख्रिस्ती आहेत, आणि अनेक विश्वं त्यांना मान्य आहेत. साधे, सुंदर नियम घालून देवाने अगणित विश्वं घडवली तर बिघडलं कुठे? दक्षिण आफ्रिकेचे विश्वशास्त्रज्ञ जॉर्ज एलिस क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. त्यांना ही कल्पना पटत नाही. त्यांची हरकत मात्र बायबलमधून येत नाही, भौतिकशास्त्रातून येते: जे विश्व कधी दिसणार नाही, मोजता येणार नाही, त्याबद्दलच्या दाव्याला विज्ञान कोणत्या आधारावर म्हणायचं?