विखुरलेल्या बिंदूंच्या आकाराचा शोध

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, आपल्या गंगापूर धरणाच्या जलाशयात होडीने फिरून कोणी ठिकठिकाणी पाण्याची खोली मोजली आणि प्रत्येक ठिकाणचे अक्षांश-रेखांश टिपून घेतले. संध्याकाळी हाती राहील ती काही हजार बिंदूंची यादी. त्या यादीत जलाशयाचा काठ कुठेच लिहिलेला नसतो. तेच बिंदू कागदावर उमटवले, तर शाळकरी मुलगाही पेन्सिलीने काठाची रेघ ओढून दाखवील. संगणकाला मात्र ते जमत नाही, कारण या बिंदूंचा आकार म्हणजे नेमके काय, हे त्याला आधी कोणीतरी गणिताने सांगावे लागते. ते सांगण्यात ज्यांची चार दशके गेली, त्या हर्बर्ट एडेल्सब्रुनर या ऑस्ट्रियन गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञाच्या कामाविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

एडेल्सब्रुनर यांचा जन्म १९५८ सालचा, ऑस्ट्रियातल्या ग्राझचा. तिथल्याच तंत्रविद्यापीठात हेरमान माउरर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९८२ मध्ये पीएच.डी. मिळवली. संगणकीय भूमिती हा विषय तेव्हा नुकताच बाळसे धरत होता. पुढच्याच वर्षी डेव्हिड कर्कपॅट्रिक आणि रायमुंड सायडेल यांच्यासह त्यांनी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय होता प्रतलावरील बिंदुसमूहाचा आकार.

त्यापूर्वीचे सोपे उत्तर म्हणजे बहिर्वक्र कवच, म्हणजे सगळ्या बिंदूंना पोटात घेणारी, कुठेही आत न वळणारी सर्वांत लहान आकृती. जलाशयाला हे उत्तर लावले, तर पाण्याच्या दोन फाट्यांमधली जमीनसुद्धा पाण्याखाली गेलेली दिसेल. म्हणून या तिघांनी एक त्रिज्या हाती घेतली; तिला आपण अल्फा म्हणू. या त्रिज्येचे वर्तुळ, आत एकही बिंदू न येता, जिथे जिथे बसते तिथली जागा पुसून टाकायची. जे उरते त्याच्या वक्र कडा सरळ रेषांनी सांधल्या की अल्फा आकार मिळतो. रेडिओवरून आकृती काढून दाखवता येत नाही, म्हणून कलिंगडाची फोड डोळ्यांसमोर आणा. बिया जागच्या हलू न देता गोल चमच्याने जेवढा निघेल तेवढा गर कोरून काढायचा. चमचा फारच मोठा असेल तर तो बियांच्या मध्ये शिरतच नाही आणि उरते ते बहिर्वक्र कवच. अगदी चिमुकला असेल तर सगळा गर जातो आणि नुसत्या बिया राहतात. मनाजोगता आकार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. कुठे, हा प्रश्न मात्र तेव्हा वापरणाऱ्यावरच सोडलेला होता, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या कारकिर्दीचे बीज याच न सुटलेल्या प्रश्नात आहे.

१९८५ मध्ये ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे एर्न्स्ट म्यूके या विद्यार्थ्याबरोबर ही कल्पना त्रिमितीत नेऊन तिची संगणक-आज्ञावली लिहायचे ठरले, तेव्हा एक वेगळीच अडचण आडवी आली. ती समजायला निफाडकडची द्राक्षबाग पुरेशी आहे. बागेत वेलींच्या ओळी सरळ आणि सारख्या अंतरावर असतात. शेजारच्या कोणत्याही चार वेली आयताच्या चार कोपऱ्यांवर, म्हणजेच एकाच वर्तुळावर येतात. अल्फा आकार काढण्यासाठी बिंदूंचे आधी त्रिकोणीकरण करावे लागते, म्हणजे बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणावे लागते, आणि त्यात तीन बिंदूंच्या वर्तुळात चौथा आहे की बाहेर आहे, हे पाहून त्रिकोण ठरतात. चौथा बिंदू बरोबर वर्तुळावरच असला, तर आयताचा कोणता कर्ण घ्यायचा? सिद्धान्त मांडताना ‘असे चार बिंदू नाहीत असे मानू’ म्हणून पुढे जाता येते, पण आज्ञावलीला बागेसारखी माहिती मिळाली की तीच अपवादाची स्थिती पावलोपावली उभी राहते. अशा प्रत्येक स्थितीसाठी वेगळी सूचना लिहायला बसलो, तर त्रिमितीत त्यांची संख्या आटोक्याबाहेर जाते.

यावरचा त्यांचा उपाय १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक बिंदू त्याच्या क्रमांकानुसार अतिसूक्ष्म अंतराने सरकला आहे, असे मानायचे. प्रत्यक्षात एकही आकडा बदलायचा नाही. बिंदू आत की बाहेर हे सारणिक नावाच्या गणिती राशीची किंमत धन आहे की ऋण यावरून ठरते; ती किंमत शून्य आली तरच, त्या मानलेल्या सरकण्यामुळे ती धन झाली असती की ऋण, एवढे बीजगणिताने तपासायचे आणि निर्णय द्यायचा. आकडेमोड पूर्णांकांत आणि अचूक ठेवली की आज्ञावली कुठेही अडत नाही आणि तिचे दोन निर्णय एकमेकांच्या विरोधात जात नाहीत. एडेल्सब्रुनर यांचे नाव घेतले की लोक इतर निबंधांचा उल्लेख आधी करतात. मला मात्र हाच निबंध त्यांच्या स्वभावाचा खरा नमुना वाटतो, कारण सिद्धान्त आणि चालणारी आज्ञावली यांच्यातली जी खिंड बहुतेक सैद्धान्तिक मंडळी टाळतात, ती त्यांनी टाळली नाही. त्रिमितीतल्या अल्फा आकारांचा निबंध १९९४ मध्ये आला. प्रथिनाच्या रेणूंचे आकारमान आणि त्यांच्या पृष्ठभागावरचे खळगे मोजायला ही पद्धत उपयोगी पडली.

दरम्यान १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा वॉटरमन पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले संगणकशास्त्रज्ञ. १९९६ मध्ये पिंग फू यांच्याबरोबर त्यांनी जिओमॅजिक ही कंपनी काढली. स्कॅनरने टिपलेल्या बिंदूंपासून वस्तूचा पृष्ठभाग तयार करणे हे तिचे काम.

१९९९ मध्ये ते ड्यूक विद्यापीठात गेले, आणि अल्फा किती घ्यायचा या जुन्या प्रश्नाला तिथे वेगळे वळण लागले. डेव्हिड लेचर आणि अफ्रा झोमोरोडियन यांच्यासह २००० साली मांडलेल्या कामात त्यांनी अल्फाची निवडच सोडून दिली. त्रिज्या शून्यापासून वाढवत न्यायची आणि वाटेत काय काय घडते त्याची नोंद ठेवायची. आपल्या जलाशयात एखादे बेट असेल, तर त्रिज्या पुरेशी वाढल्यावर त्याच्याभोवतीचे बिंदू जोडले जाऊन मध्ये एक छिद्र तयार होईल आणि त्रिज्या बरीच वाढेपर्यंत ते टिकून राहील. होडीच्या दोन फेऱ्यांमध्ये राहिलेल्या बारीक फटीही छिद्रे म्हणून दिसतील, पण लगेच बुजतील. छिद्र कोणत्या त्रिज्येला जन्मले आणि कोणत्या त्रिज्येला बुजले, या दोन आकड्यांतल्या अंतरावरून त्याचे महत्त्व ठरते. या दिशेचा विचार इटलीत पॅट्रिझिओ फ्रोसिनी यांनी आणि स्वतंत्रपणे वेनेसा रॉबिन्स यांनीही आधी केला होता, हे सांगायला हवे. एडेल्सब्रुनर आणि सहकाऱ्यांनी तो झटपट मोजून दाखवणारी रीत दिली, आणि मग तिचा वापर झपाट्याने पसरला.

तरीही एक शंका उरत होती. मोजमापात चुका असतातच. मग या नोंदीवर भरवसा किती ठेवायचा? डेव्हिड कोहेन-स्टायनर आणि जॉन हॅरर यांच्यासह २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे उत्तर आहे. होडीतला प्रत्येक बिंदू फार तर पाच मीटरने चुकला असेल, तर छिद्रांच्या जन्माचे आणि बुजण्याचे आकडेही पाच मीटरपेक्षा जास्त सरकत नाहीत. फक्त, ज्यांचे आयुष्य मुळातच तोकडे आहे अशी छिद्रे अशा चुकीमुळे नव्याने दिसू शकतात किंवा नाहीशी होऊ शकतात. बेटाचे छिद्र मात्र जात नाही.

२००९ मध्ये एडेल्सब्रुनर मायदेशी परतले आणि व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग इथल्या नव्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. २०१८ मध्ये त्यांना ऑस्ट्रियाचा विटगेन्स्टाइन पुरस्कार मिळाला. अलीकडे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिंदूंना रंग दिले आहेत: एका रंगाच्या बिंदूंनी दुसऱ्या रंगाच्या बिंदूंना घेरले आहे, की दोन्ही एकमेकांत मिसळून गेले आहेत, हे त्याच अल्फाच्या भाषेत मोजायचे. निरनिराळ्या प्रकारच्या पेशी ऊतीमध्ये एकमेकींच्या शेजारी कशा मांडलेल्या असतात, हे पाहणाऱ्यांना नेमके असेच मोजमाप हवे असते.