देवळालीचा ताप

नमस्कार श्रोतेहो. ब्रिटनमध्ये एखाद्याचं डोकं जरा ठिकाणावर नसल्यासारखं वाटलं, की लोक म्हणतात, हा ‘डूलॅली’ झालाय. कानाला विलायती वाटतो, पण हा शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. गोऱ्या शिपायांच्या जिभेला ‘ळ’ पेलला नाही, एवढंच.

1861 च्या सुमारास इंग्रजांनी देवळालीला छावणी वसवली. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत इथे थांबत. जहाजं सुटायची मुंबईहून, आणि तीही हिवाळ्याच्या हंगामात. हंगाम संपल्यावर ज्याची मुदत भरली, त्याच्या वाट्याला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा! हातात बंदूक नाही, अंगावर धड काम नाही. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाच्या आठवणी 1936 साली प्रसिद्ध झाल्या. तो सांगतो, वर्षानुवर्षं नेकीनं नोकरी केलेली माणसंही इथे बिघडत, काही तर घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. अशा विचित्र वागण्याला शिपायांनी नाव दिलं ‘डूलॅली टॅप’. हा टॅप म्हणजे पाण्याचा नळ नव्हे बरं का, तो आपला ताप! मलेरियाच्या त्या दिवसांत खरा तापही पाचवीला पुजलेला होताच. पुढे ताप उतरला, म्हणजे शब्दातून गळला, आणि नुसतं देवळाली उरलं.

पुणेकरांना हे नवं वाटायचं कारण नाही. ‘याला येरवड्याला पाठवा’ असं आपण सर्रास म्हणतो. पण येरवड्यात निदान मनोरुग्णालय तरी आहे. देवळालीच्या माथी हा शिक्का बसला तो लोकांना ताटकळत ठेवल्यामुळे, आणि मला विचाराल तर तो मुंबईच्या धक्क्यावर बसायला हवा होता. बिचाऱ्या देवळालीची हवा इतकी चांगली, की माणसं तिथे हवापालटासाठी जातात.

शब्द वापरायचाच तर थट्टेत वापरा. ‘घराचं रंगकाम लांबलं, आई डूलॅली व्हायची बाकी आहे,’ इथे तो शोभतो. खरोखर आजारी असलेल्या माणसाला मात्र तो लावू नये. आणि अमेरिकेतल्या भाच्याला ऐकवाल, तर त्याला बहुधा अर्थ सांगावा लागेल. हा शब्द ब्रिटिशांच्याच बोलण्यात जास्त रुळलाय.